रसायनाचा जमाखर्च

आंत्वान लाव्हाझिए हा आधुनिक रसायनशास्त्राचा जनक म्हणून सर्वांस ठाऊक आहे; परंतु त्याचा उपजीविकेचा व्यवसाय निराळाच होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. फ्रान्सच्या राजाच्या वतीने मीठ, तंबाखू इत्यादी जिनसांवरील कर वसूल करण्याचा मक्ता ज्या धनिक मंडळीकडे होता, तिचा तो १७६८ पासून भागीदार होता. दिवसभर वसुलीची व इतर सरकारी कामे पाहावयाची आणि सकाळ-संध्याकाळचे काही तास प्रयोगशाळेत घालवावयाचे, असा त्याचा क्रम असे. जमा आणि खर्च यांचा मेळ बसल्यावाचून वही मिटावयाची नाही, ही मक्तेदाराची शिस्त त्याने प्रयोगशाळेतही पाळली. भांड्यात काय घातले, शेवटी काय उरले, वायुरूपाने काय निघून गेले, हे सारे तो ताजव्याने तोलून पाही. रासायनिक क्रियेत वस्तूचे रूप पालटते, परंतु एकंदर वजन घटत नाही वा वाढत नाही, हे तत्त्व त्याने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मांडले. पाचच वर्षांनी, ८ मे १७९४ रोजी, इतर मक्तेदारांबरोबर त्याचाही शिरच्छेद झाला. परंतु त्याने घालून दिलेली हिशेबाची रीत टिकून राहिली. आज शाळेतील विद्यार्थी रासायनिक समीकरणाच्या दोन्ही बाजू जुळवितो, तेव्हा तो लाव्हाझिएच्याच वहीत नोंद करीत असतो.

तथापि दोन्ही बाजू जुळल्या एवढ्याने व्यवहार चोख झाला असे होत नाही. समीकरणाच्या उजव्या बाजूस जे जे उत्पन्न होते, त्यांपैकी हवे ते किती आणि नको ते किती, आणि जे नको आहे ते जाते कोठे, हा प्रश्न ताजवा आपण होऊन विचारीत नाही; तो माणसाने विचारावा लागतो. रासायनिक क्रियेची कार्यक्षमता कशी मोजावी, या विषयाचा इतिहास म्हणजे हा प्रश्न कोणी, केव्हा आणि कोणाच्या दडपणाने विचारला त्याचाच इतिहास होय.

या इतिहासाचा आरंभ धुण्याच्या सोड्यापासून करणे सोयीचे आहे. काच, साबण, कापडाची धुलाई या साऱ्यांना सोडा लागतो. पूर्वी तो स्पेनच्या किनाऱ्यावरील वनस्पतींच्या किंवा स्कॉटलंडच्या समुद्रशेवाळाच्या राखेतून काढीत. काही ठिकाणी तो निसर्गतःच मिळे. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवरातून असा खार काढण्याची चाल फार जुनी होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये सोड्याची टंचाई भासू लागली आणि साध्या मिठापासून सोडा करण्याच्या रीतीसाठी तेथील विज्ञान अकादमीने बक्षीस लावले. निकोला लेब्लांक या वैद्याने ती रीत शोधून काढली व १७९१ साली तिचे पेटंट मिळविले. बक्षीस मात्र त्याला मिळाले नाही. त्याचा आश्रयदाता ड्यूक ऑफ ऑर्लेआं क्रांतीत मारला गेला, कारखाना जप्त झाला आणि लेब्लांकने १८०६ साली विपन्नावस्थेत आत्महत्या केली. त्याची रीत मात्र फ्रान्समध्ये आणि पुढे इंग्लंडमध्ये शतकभर चालली.

ती रीत अशी. मिठावर गंधकाम्ल घालावयाचे. त्यातून सोडियम सल्फेट तयार होते व हायड्रोक्लोरिक अम्लाचा वायू निघतो. हे सल्फेट चुनखडी व कोळसा यांबरोबर भट्टीत तापविले की सोडा आणि कॅल्शियम सल्फाइड तयार होते. शिवाय कोळशाचा कार्बन डायऑक्साइड होऊन तो हवेत जातो. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या अणुभारांच्या आधारे याचा हिशेब सहज मांडता येतो. मीठ ११७ किलो, गंधकाम्ल ९८ किलो, चुनखडी १०० किलो आणि कोळसा २४ किलो, असा एकूण ३३९ किलो माल आत जातो. त्यातून सोडा मिळतो १०६ किलो. उरलेल्या २३३ किलोंपैकी ७३ किलो हायड्रोक्लोरिक अम्ल, ७२ किलो कॅल्शियम सल्फाइड आणि ८८ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे कारागिराच्या हातून एक कणही वाया गेला नाही, भट्टीतील प्रत्येक क्रिया पूर्णत्वास गेली, असे मानले तरी आत घातलेल्या मालापैकी शेकडा ३१ भागच सोड्याच्या रूपाने बाहेर येतो. बाकीचे ६९ भाग हे त्या रीतीच्या मुळातच होते.

लेब्लांकच्या काळी हा हिशेब कोणी मांडला नाही, आणि मांडता तरी कारखानदाराला त्याची क्षिती वाटली नसती. कारण ते ६९ भाग त्याच्या वहीत खर्ची पडत नव्हते. ते शेजाऱ्यांच्या नावे पडत होते. १८२३ साली जेम्स मस्प्रॅटने लिव्हरपूल येथे या रीतीचा कारखाना काढला आणि पुढे सेंट हेलन्स व विडनेसच्या परिसरात असे कारखाने वाढत गेले. अम्लाचा वायू उंच धुराड्यांतून वर सोडला जाई. धुराडे जितके उंच तितका तो दूरवर पसरे. झाडे वठत, कुंपणांची हिरवळ जळून जाई, घरातील लोखंडी वस्तू गंजत. कॅल्शियम सल्फाइडचा काळपट चिखल कारखान्यांच्या आसपास टेकड्यांसारखा साचे आणि त्यातून कुजक्या अंड्यांची दुर्गंधी सुटे. यावर उपाय नव्हता असे नाही. विल्यम गॉसेज याने १८३६ साली एका पडक्या पवनचक्कीच्या मनोऱ्यात काटक्या-झुडपे भरली, वरून पाण्याची धार सोडली आणि खालून वायू आत घेतला. तो बहुतेक सारा पाण्यात विरून गेला. उपाय सापडला, परंतु तो योजण्याची सक्ती कोणावर नव्हती.

ती सक्ती १८६३ साली आली. जमीनदारांच्या तक्रारींवरून, विशेषतः सेंट हेलन्सनजीक ज्यांची जहागीर होती त्या लॉर्ड डर्बी यांच्या खटपटीने, ब्रिटिश पार्लमेंटने अल्कली कायदा संमत केला. निर्माण झालेल्या अम्लवायूपैकी शेकडा ९५ भाग कारखान्यातच अडविले गेले पाहिजेत, असे त्याने बंधन घातले. आणि तपासणीसाठी रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनज्ञाची नेमणूक झाली. टाकाऊ पदार्थ किती बाहेर पडतो, हे सरकारी अधिकाऱ्याने नियमाने मोजावे, ही त्या काळी नवी गोष्ट होती. पावसातील अम्लाचे निरीक्षण करून ‘अम्लपर्जन्य’ ही कल्पना १८७२ साली ज्याने ग्रंथात मांडली, तोच हा स्मिथ. कारखानदारांनी मनोरे बांधले आणि पुष्कळांनी ९५ टक्क्यांची अट सहज पार केली. परंतु मापाची उणीव लवकरच दिसून आली. कायद्याने हवेत जाणारे अम्ल मोजले, पाण्यात जाणारे मोजले नाही. तेव्हा मनोऱ्याखालचे अम्लयुक्त पाणी ओढ्यांत सोडले गेले आणि तेथे त्या काळ्या चिखलाशी गाठ पडून अधिकच विषारी वायू सुटू लागला. शिवाय टक्केवारी पाळूनही कारखान्यांची संख्या वाढली, की उरलेल्या पाच टक्क्यांचे ओझे वाढतच राहते. म्हणून १८७४ साली दर घनफूट वायूत किती अम्ल चालेल, याचीही मर्यादा घालण्यात आली.

या सक्तीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. अडविलेले अम्ल साठू लागले तेव्हा त्याचा उपयोग शोधणे भाग पडले. हेन्री डीकन याच्यासारख्यांनी त्यापासून क्लोरीन काढला. क्लोरीनपासून विरंजक चूर्ण, म्हणजे कापड व कागद शुभ्र करण्याची भुकटी, तयार झाली. आणि जे अम्ल एके काळी धुराड्यातून उधळले जात होते, त्याच्याच विक्रीवर लेब्लांकची रीत पुढे तग धरून राहिली. कारण तोवर तिला प्रतिस्पर्धी निर्माण झाला होता. बेल्जियममध्ये अर्नेस्ट सॉल्व्हे याने १८६१ साली निराळ्या रीतीचे पेटंट घेतले. मीठ व चुनखडी नुसती एकत्र केल्याने सोडा होत नाही; सॉल्व्हेच्या रीतीत अमोनिया मध्यस्थी करतो आणि आपले काम झाले की पुन्हा हाती येतो. येथे २१७ किलो मालातून १०६ किलो सोडा मिळतो, म्हणजे शेकडा ४९. उरते ते कॅल्शियम क्लोराइड. त्यालाही गिऱ्हाईक थोडेच. तथापि गंधकाम्ल नको, अम्लवायू नाही, दुर्गंधी नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिठापूर येथे १९३९ साली स्थापन झालेल्या टाटा केमिकल्सच्या कारखान्यात हीच रीत अवलंबिली गेली. लेब्लांकची रीत पहिल्या महायुद्धानंतर थोड्याच काळात अस्तंगत झाली.

इकडे कारखान्यांत हे घडत असता प्रयोगशाळेतील रसायनज्ञ दुसऱ्याच मापाने आपले काम मोजीत होते. ते माप म्हणजे उतारा. साखर कारखान्यात शंभर किलो उसापासून किती किलो साखर निघाली यास उतारा म्हणतात, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्यास सांगावयास नको. रसायनज्ञाचा उतारा थोडा निराळा. समीकरणाप्रमाणे जास्तीत जास्त जेवढा पदार्थ मिळावयास हवा, त्याच्या शेकडा किती भाग प्रत्यक्ष हाती आला, हे तो सांगतो. भांड्याला चिकटून राहिलेले, गाळताना गेलेले, क्रिया अपुरी राहिल्याने न झालेले, असे सर्व नुकसान त्यात दिसून येते. शाळेत विद्यार्थी मोरचुदाचे स्फटिक तयार करून वाळवितो, तोलतो आणि गणिताने आलेल्या वजनाशी ताडून पाहतो, तो हाच उतारा.

हे माप रसायनज्ञाच्या कसबाची खरी परीक्षा घेते. एखादा पदार्थ दहा पायऱ्यांनी करावयाचा असेल आणि दर पायरीचा उतारा शेकडा ९० असेल, तर शेवटी हाती येतात शेकडा ३५ च. वीस पायऱ्या आणि दर पायरीस ८० असेल, तर जेमतेम एक. जर्मन रसायनज्ञ रिचर्ड विलश्टेटर याने १९०१ साली ट्रोपिनोन नावाचा पदार्थ लांबलचक मालिकेने सिद्ध केला, तेव्हा एकंदर उतारा शेकडा एकाहूनही कमी पडला. १९१७ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॉबिन्सन याने तोच पदार्थ तीन साधे पदार्थ एकाच भांड्यात एकत्र करून मिळविला. त्याचा उतारा प्रथम शेकडा १७ होता. पुढे इतरांनी तो नव्वदीच्या पुढे नेला. पायऱ्या कमी करणे हीच मोठी काटकसर होय, हा धडा या उदाहरणाने घालून दिला.

परंतु केवळ उताऱ्यावर विसंबले तर फसगतही होते, हे अमोनियाच्या उदाहरणावरून दिसते. फ्रिट्झ हाबर याने १९०९ साली हवेतील नायट्रोजन व हायड्रोजन यांचा संयोग घडवून दाखविला, तेव्हा एका फेरीत वायूंच्या शेकडा दहापेक्षाही कमी भागाचा अमोनिया होत होता. उताऱ्याच्या मापाने हे अपयशच. परंतु अमोनिया थंड करून वेगळा काढावा व उरलेले वायू पुन्हा उत्प्रेरकावरून फिरवावेत, अशी योजना हाबरने केली. कार्ल बॉशने ती मोठ्या प्रमाणावर उभारली आणि १९१३ साली ओपाऊ येथील कारखाना सुरू झाला. या क्रियेत २८ किलो नायट्रोजन व ६ किलो हायड्रोजन मिळून ३४ किलो अमोनियाच होतो. दुसरे काहीच होत नाही. फेऱ्या कितीही घ्याव्या लागोत, टाकावयाचे म्हणून काही उरत नाही.

तेव्हा मापे दोन आहेत. पहिले कारागिराचे कसब मोजते, दुसरे त्या रीतीचीच प्रकृती मोजते. पहिले शतकाहून अधिक काळ प्रत्येक प्रयोगवहीत नोंदले गेले. दुसऱ्याला नाव मिळावयास १९९१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे बॅरी ट्रॉस्ट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहून ‘अणूंची काटकसर’ ही कल्पना मांडली. हव्या असलेल्या पदार्थाच्या वजनाला क्रियेत भाग घेणाऱ्या सर्व पदार्थांच्या एकूण वजनाने भागावे व शंभराने गुणावे, एवढेच तिचे गणित. वर सोड्यासंबंधी केलेला हिशेब हा तोच. दुसऱ्याच वर्षी रॉजर शेल्डन यांनी अधिक रोखठोक माप सुचविले: एक किलो माल करताना किती किलो टाकाऊ पदार्थ निर्माण होतो, ते सरळ तोलावे. त्यांच्या पाहणीत मोठ्या प्रमाणावरील रसायनांच्या बाबतीत हा आकडा एकाहून कमी ते ५ निघाला, तर औषधांच्या बाबतीत २५ ते १०० वा त्याहूनही अधिक. ज्या उद्योगात उतारा वाढविण्याची पराकाष्ठा चाले, त्याच उद्योगाच्या मागील अंगणात सर्वांत मोठा ढीग साचत होता. शेल्डन यांनी पाहिलेल्या फ्लोरोग्लुसिनॉल या पदार्थाच्या बाबतीत तर एका किलोमागे सुमारे ४० किलो क्षारयुक्त गाळ पडे, आणि तो टाकण्याचा खर्च मालाच्या किमतीला भारी झाल्याने तो कारखानाच बंद करावा लागला.

नव्या मापाने काय साधले, ते आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. इंग्लंडमधील बूट्स कंपनीने १९६० च्या दशकात बसविलेल्या रीतीत सहा पायऱ्या होत्या व आत घातलेल्या अणूंपैकी शेकडा ४० च औषधात उतरत. १९९२ साली अमेरिकेत टेक्सासमधील बिशप येथे तीन पायऱ्यांची रीत सुरू झाली. तीत २६६ किलो द्रव्यांतून २०६ किलो औषध होते, म्हणजे शेकडा ७७. आणि उरलेले ६० किलो ॲसेटिक अम्ल वेगळे काढून वापरता येते. आपल्या देशातही अशा जोडव्यवहाराचे एक जुने उदाहरण आहे. १९५१ साली सिंद्री येथे सुरू झालेल्या खत कारखान्यात अमोनियम कार्बोनेट व जिप्सम यांपासून अमोनियम सल्फेट करीत. जिप्सममधील पाणी वगळले तर २३२ किलोंतून १३२ किलो खत, म्हणजे शेकडा ५७; आणि १०० किलो कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ. हा गाळ शेजारच्या सिमेंटच्या कारखान्याने कच्चा माल म्हणून उचलला. तो जुना खत कारखाना २००२ साली बंद झाला. परंतु एकाचा टाकाऊ तो दुसऱ्याचा कच्चा माल, हे त्याने ‘अणूंची काटकसर’ या शब्दांच्या चाळीस वर्षे आधी करून दाखविले होते.

असे असले तरी हे दुसरे मापही शेवटचे मानणे धोक्याचे आहे, आणि त्याचा सर्वांत विदारक पुरावा आपल्याच देशात आहे. भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात कार्बारिल नावाचे कीटकनाशक तयार होत असे. त्याची अखेरची पायरी अशी: ५७ किलो मिथिल आयसोसायनेट आणि १४४ किलो नॅफ्थॉल एकत्र आले की २०१ किलो कार्बारिल तयार होते. बाकी शून्य. अणूंच्या काटकसरीच्या कसोटीवर या पायरीला शंभरपैकी शंभर गुण द्यावे लागतील. आणि याच मिथिल आयसोसायनेटचा मोठा साठा टाकीत असताना २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री त्यात पाणी शिरले, उष्णता वाढली आणि सुमारे ४० टन विषारी वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. हजारो माणसे मेली. कित्येकांनी उरलेले आयुष्य रोगजर्जर अवस्थेत काढले.

हे पदार्थ निराळ्या क्रमानेही एकत्र आणता येतात. भोपाळच्या मार्गात मिथिल अमाइन व फॉस्जीन यांपासून प्रथम मिथिल आयसोसायनेट करीत. दुसऱ्या मार्गात फॉस्जीनची गाठ आधी नॅफ्थॉलशी घालावयाची व मिथिल अमाइन शेवटी मिसळावयाचे. दोन्ही मार्गांनी २७४ किलो मालातून तेच २०१ किलो कीटकनाशक व तेच ७३ किलो हायड्रोक्लोरिक अम्ल निघते. दोहोंची अणूंची काटकसर शेकडा ७३ च. फॉस्जीन हा विषारी वायू दोन्हींत आहे. परंतु दुसऱ्या मार्गात मिथिल आयसोसायनेट निर्माणच होत नाही, मग त्याच्या टाक्या कोठल्या? आकड्यांत न दिसणारा हा एक फरक भोपाळच्या लोकांच्या दृष्टीने जीवनमरणाचा ठरला.

१९९८ साली पॉल अनास्टास व जॉन वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली. त्यांत अणूंच्या काटकसरीला दुसरे स्थान आहे. परंतु विषारी द्रव्ये टाळणे, ऊर्जा वाचविणे, अपघाताचा संभव मुळातच कमी करणे, हीही तत्त्वे तिच्या जोडीला आहेत. एकाच आकड्यावर सर्व भार टाकू नये, हेच त्यातून सुचविले गेले. पुढे या कल्पनेचा शालेय अभ्यासक्रमातही शिरकाव झाला. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या रसायनशास्त्राच्या २०२० च्या पाठ्यपुस्तकात हरित रसायनशास्त्राचे प्रकरण असून त्यात अणूंच्या काटकसरीची टक्केवारी काढावयास शिकविले आहे.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे गणित दोन ओळींचे आहे. भागाकार आला की उत्तर येते. परंतु त्या दोन ओळींमागे सेंट हेलन्सची वठलेली झाडे आहेत, स्मिथसारख्या तपासनिसाची चिकाटी आहे आणि भोपाळची ती रात्रही आहे. उतारा किती पडला, हे त्याने अवश्य लिहावे. त्याखाली, काय टाकावे लागले आणि ते कोणाच्या दारात जाऊन पडले, हेही लिहिण्याची सवय त्याला लागली, तर लाव्हाझिएची वही खऱ्या अर्थाने पुरी झाली असे म्हणता येईल.